अस्सल आयरिश आडनावाची बाई

"पहिलं उत्तर हवंय, की दुसरं?"

तू कुठली, असं कुणी विचारलं की ती आधी दोन बोटं वर करायची आणि हा प्रश्न टाकायची. पहिलं उत्तर, "ड्रोहेडा," म्हणजे आयर्लंडमधलं आमचं हे गाव. त्यावर समोरच्याचा चेहरा हमखास पडायचा. "नाही, पण खरी कुठली?" मग दुसरं उत्तर, "अलाबामा." तेवढ्यानंही समाधान झालं नाही, तर ती खांदे उडवून म्हणायची, "दोनच होती, हनी. साठा संपला."

ती काळी होती, उंच होती, पन्नाशीची होती आणि अमेरिकन होती. पहिल्या तीन गोष्टी लोकांना आपोआप दिसायच्या. चौथी पटवून द्यावी लागायची.

आमच्या कारखान्यात कॅथेटर बनतात, म्हणजे माणसाच्या रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळ्या. ती २०१५ साली कंपनीच्या अमेरिकेतल्या कारखान्यातून इथं क्वालिटी विभागात आली. मीही तिथंच. इथं रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवायची तिला भीती वाटायची आणि राहायची माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे रोज सकाळी ती माझ्या गाडीत.

सुरुवातीला बँकेतल्या मुलीनं तिला निर्वासितांचा फॉर्म काढून दिला होता. तिनं तोंड उघडताच तो अस्सल दक्षिणी हेल ऐकून मुलगी लाजली आणि लगेच, तेवढ्याच आपुलकीनं, तिच्या देशात सगळ्यांकडे बंदुका का असतात हे विचारू लागली. "तोंड बंद ठेवलं की मी निर्वासित," ती मला म्हणाली, "आणि उघडलं की महासत्ता. मधलं काही मिळतच नाही."

२०१६ च्या निवडणुकीनंतर तर चहाच्या सुटीत सगळे तिच्याभोवती जमायचे. तिनं एकटीनंच मतदान केलं असावं, अशा थाटात तिला जाब विचारायचे. ती बिस्किट चहात बुडवून शांतपणे म्हणायची, "माफ करा, यावेळी गडबड झाली. पुढच्या वेळी आधी तुम्हाला विचारीन."

तिचं आडनाव मात्र अस्सल आयरिश. आमचा सुपरवायझर भला माणूस. बिल्ल्यावरचं ते नाव वाचून तो एकदा हरखलाच. "अगं, हे तर आमच्याकडचं! कुठल्या काउंटीतलं तुमचं घराणं?"

"मालकानं काउंटी सांगितली नव्हती," ती म्हणाली. "आणि हे आडनाव आम्हाला लग्नात मिळालेलं नाही."

तो आधी हसला. मग त्याला समजलं, गुलामांना मालकाचंच आडनाव लागायचं ते. पुढचे दोन दिवस तो तिच्या टेबलावरून जाताना छताकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं बायकोकडून लिंबाचा केक करवून आणला. तिनं त्याचा सगळ्यात मोठा तुकडा आधी त्यालाच दिला.

आम्हा मराठी मंडळींचं मात्र तसं नाही बरं का. आम्हाला वर्णद्वेष अजिबात खपत नाही. बसस्टॉपवर एका टवाळ पोरीनं मला "घरी जा" म्हटलं, तेव्हा इथल्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप चार दिवस पेटलेला होता. सगळ्यांत जास्त भडकली होती माझी मैत्रीण मीनल. "कातडीवरून माणूस ओळखतात ही लोकं," तिनं लिहिलं होतं, आणि पुढं रागानं लाल झालेले सहा चेहरे.

या मीनलनं २०१७ मध्ये आपल्या शेजारचंच घर विकत घेतलं, भाड्यानं द्यायला. त्याच सुमाराला माझ्या अलाबामावालीच्या घरमालकानं घर विकायला काढलं. त्या काळात इथं भाड्याचं घर मिळणं म्हणजे काय होतं, ते राहिलेल्यांना माहीत आहे. एका घरासाठी जिन्यापासून फाटकापर्यंत रांग लागायची. मी मीनलचा नंबर दिला. त्या दोघींचं बोलणं झालं आणि मीनलचा लगेच मला फोन.

"अगं, काय गोड बोलते! अमेरिकन, वर आडनाव आयरिश. घर अगदी लख्ख ठेवणार बघ. शनिवारी घेऊन ये. घर बघून झालं की माझ्याकडे पोहे खायला यायचं."

ती दिसते कशी, हे मी मीनलला सांगितलं नाही. का सांगावं? कातडीचा काय संबंध? असं मी स्वतःला मोठ्या उदारपणे समजावलं. खरं तर संबंध काय आहे हे मला चांगलं माहीत होतं, म्हणूनच तर सांगितलं नाही.

शनिवारी तिनं ठेवणीतला निळा कोट घातला होता. हातात घरी केलेला रताळ्याचा पाय, म्हणजे तिच्याकडचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. मीनलनं दार उघडलं, तिच्याकडे पाहून हसली, मग तिच्या खांद्यावरून माझ्या गाडीकडे पाहिलं आणि मला मराठीत विचारलं, "अगं, ती अमेरिकन बाई कुठाय?"

"ह्याच," मी म्हणाले.

"वेलकम, वेलकम!" मीनलचा आवाज दोन पट्ट्या वर गेला.

घर चार मिनिटांत बघून झालं. हे स्वयंपाकघर, हा हॉट प्रेस, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, इथं कपडे छान सुकतात. जिन्याशी आलो तेव्हा मीनल कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. "वर रंगकाम चालू आहे." रंगाचा वास कुठंही नव्हता. रताळ्याचा पाय मीनलनं दोन्ही हातांनी घेतला, "सो स्वीट" म्हणाली. पोह्यांचा विषय निघाला नाही. मीनलच्या अंगणातून चहासुद्धा न घेता परतलेली मी त्या दिवशी पहिलीच असेन.

गाडीत बसल्यावर तिनं एकदा मागे वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "छान घर आहे. वरचा मजला कसा असेल गं?"

संध्याकाळी मीनलचा मेसेज आला. 'सॉरी गं, माझा भाऊ पुण्याहून येतोय, त्यालाच घर लागणार.' पुढं हात जोडलेले. मी तो निरोप तसाच पोचवला. दोन आठवड्यांनी त्या घरात एक आयरिश जोडपं राहायला आलं. मीनलनं जाहिरातीत पाळीव प्राणी चालणार नाहीत असं लिहिलं होतं. कुत्रा चालला.

तिला शेवटी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हातारीच्या घरात खोली मिळाली. सहानंतर स्वयंपाक करायचा नाही, या अटीवर. मी आता वळसा घालून तिला घ्यायला जायचे. एका सोमवारी पट्टा लावता लावता तिनं विचारलं, "तुझ्या मैत्रिणीचा भाऊ आला का?"

"आला," मी म्हणाले. एवढं एकच म्हणाले, पण तेवढ्यानं माझ्या मानगुटीवर एक अख्खा माणूस बसला.

"रुळला का?"

"थंडी वाजते म्हणतो."

"अरेरे. म्हणावं, दोन-दोन मोजे घाल."

पुढच्या सोमवारी त्याला नोकरी लागली. नाताळात त्याला फ्लू झाला. तिनं नाव विचारलं तेव्हा मी निखिल म्हणून मोकळी झाले. ती त्याची चौकशी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर करायची, फार काळजीनं. सुपरवायझरला कळलं, तर तो म्हणाला, "ग्रँड! आमच्या क्रिकेट टीमला माणूस हवाच आहे, पाठव त्याला." मला तिथल्या तिथे निखिलचा गुडघा मोडावा लागला. ती हळहळली. "बिचारा," ती म्हणाली, "या देशात येऊन त्याचं काहीच धड होत नाहीये."

जवळजवळ वर्षभर हे चाललं. मी रात्री झोपताना उद्या निखिलचं काय करायचं याचा विचार करू लागले होते.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तिनं सांगितलं, आई थकली आहे, मी परत जातेय. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तिच्या दारापुढं गाडी उभी होती, इंजिन चालू होतं, आणि मी गिअरच टाकेना.

"निखिल नाहीये," मी म्हणाले. "नव्हताच."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तू त्याला किती दिवस पोसतेस, ते बघत होते."

मी रडायला लागले. लाज वाटायला हवी होती मला आणि टिश्यू शोधत होती ती.

"त्या घराचं मला काही नाही," ती म्हणाली. "तसली घरं मी माझ्या देशातही पुष्कळ पाहिलीत, फक्त खालच्या मजल्यापर्यंत. पण तू मला त्या दिवशीच सांगायला हवं होतंस. मी तुझ्याच गाडीत बसले होते."

"मग रोज बसत का राहिलीस?"

तिनं थोडा विचार केला. "तुला धड खोटंही बोलता येत नाही, हनी. सवय असलेली माणसं सफाईनं बोलतात. आता चल, उशीर होतोय."

ती गेली. निरोपाचा केक सुपरवायझरनंच आणला होता आणि सगळ्यात मोठा तुकडा तिला दिला होता. मी ठरवलं, मीनलशी एकदा स्पष्ट बोलायचं. ठरवता ठरवता जानेवारी उजाडला आणि मीनलकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. गाडीत मी सगळी वाक्यं पाठ करत गेले.

"तुझा भाऊ काय म्हणतो?" मी विचारलं.

"कोणता भाऊ?"

"तो, पुण्याहून यायचा होता. शेजारच्या घरात राहायला."

मीनल खळखळून हसली. "अगं, मला कुठाय भाऊ? आम्ही तिघी बहिणी. तू पण ना!"

ती लपवत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. ज्याला मी वर्षभर औषधपाणी केलं, तो तिच्या डोक्यात एक संध्याकाळसुद्धा राहिला नव्हता.

"माझी मैत्रीण आली होती ते घर बघायला," मी म्हणाले. "अलाबामाची."

"हो हो! काय गोड बाई! आण की तिला एकदा पोह्यांना."

मागे बायकांची रांग खोळंबली होती. ती केव्हाच परत गेली, आणि त्या दिवशी तिला घर का मिळालं नाही ते आम्हा दोघींनाही माहीत होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. मीनलनं त्यात तिळगूळ ठेवला.

"गोड बोल हं," ती म्हणाली.