आधी माझा हात

मी तापट बाई. देवपूरच्या कॉलेजात शिकवायचे तेव्हा मला लांबून पाहूनच पोरं वाट बदलायची. पण रोबो नुसता फळ्यावर काढून शिकवायचा, हे काही मला पटेना. नव्वद सालानंतरची गोष्ट. आग्रा रोडच्या भंगारातून ट्रकच्या वायपरच्या मोटरी आणल्या, आणि वर्कशॉप सांभाळणारे नाना, मी आणि शेवटच्या वर्षाची पोरं, सगळ्यांनी मिळून एक लोखंडी हात उभा केला. त्याचा पंजा काळा ठोकळा उचलून पुढच्या साच्यात ठेवायचा.

पंज्याशेजारी बारका दिवा आणि एक विजेचा डोळा बसवला होता. कुणाची बोटं मध्ये आली की उजेड त्यांच्यावरून परतून डोळ्यात जायचा आणि मोटर थांबायची. डोळ्याला काही दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं आमचं यंत्र धरून चालायचं. तरी प्रत्येक प्रॅक्टिकलला मी आधी स्वतःचा हात घालून दाखवायचे.

वर्गात मुलगी एकच, पाचोऱ्याकडची. तिचे वडील कापूस पिकवणारे. तिला वसतिगृहात सोडायला आले तेव्हा म्हणाले होते, "मॅडम, पोर तुमना भरोसावर शे." मी मोठ्या तोऱ्यात "काळजीच नको, आबा" म्हणून टाकलं.

जपानी पद्धत शिकवताना मी पोरांच्या हाती स्टॉपवॉच दिलं. म्हटलं, वाया जाणारा सेकंद न् सेकंद शोधा, कुणाची भीड धरू नका. या पोरीने यादी केली. त्यात तिसरी ओळ : "मॅडमने हात घालून दाखवणे, चाळीस सेकंद, वाया." वर्ग खुसुखुसु हसला. मला राग आला, आणि रागाहून जास्त कौतुक वाटलं. अगं बाई, माझीच विद्या माझ्यावर! "उद्यापासून बंद," मी म्हटलं आणि लाल पेनने ते काम खोडलं.

दसऱ्याला नानांनी रिवाजाप्रमाणे सगळ्या यंत्रांची पूजा केली. लेथची केली, ड्रिलची केली, या नव्या हाताचीही केली. सुट्टीनंतरच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला ठोकळा तिरका बसला. तो सरळ करायला पोरीने हात घातला. मोटर थांबली नाही.

ती किंचाळली. मी मेन स्विच पाडला. पण वायपरच्या मोटरीचं असं असतं की वीज गेली तरी ती पकड सोडत नाही. पंजा तिच्या बोटावर तसाच आवळलेला. एरवी अख्खं वर्कशॉप डोक्यावर घेणारी मी, "नाना, नाना" एवढंच पुटपुटत राहिले. नानांनी पान्याने आटा उलटा फिरवून पंजा उघडला. नख गेलं, हाड वाचलं.

मग दिसलं, डोळ्यावर वाळलेल्या कुंकवाचा टिळा होता. नाना मटकन खाली बसले. आणि मी, सांगायला लाज वाटते, त्यांच्यावरच कडाडले.

दुसऱ्या दिवशी आबा एसटीने आले. त्यांनी पोरीची पेटी भरायला लावली आणि वर्कशॉपच्या दारात आणून ठेवली. एव्हाना सगळं कॉलेज नानांकडे बोट दाखवत होतं. मीही गप्प बसले असते तर खपून गेलं असतं.

"आबा, नानांचा दोष नाही," मी म्हटलं. "मी आधी हात घालून बघायचे. ते मीच बंद केलं."

"मीच लिहिलं होतं ते," पोर म्हणाली.

"तू लिहिलंस. खोडलं मी."

आबांनी त्या लोखंडी हाताकडे बोट केलं. मग म्हणाले, "चालू करा. पहिले तुमना हात टाका."

शंभरदा घातला असेल तो हात. तेव्हा कधी छाती धडधडली नव्हती, कारण तेव्हा मी तपासत नव्हतेच, मिरवत होते. आता हात पदराखालून बाहेर येईना. पोर पुढे झाली. पट्टी बांधलेला हात वर धरून तिने डाव्या हाताने, ओढणीच्या टोकाने यंत्राचा डोळा पुसला.

"घाला, मॅडम."

मी घातला. पंजा खाली आला आणि बोटांपासून दोन अंगुळं वर थांबला. मला सगळ्या वर्गासमोर रडू फुटलं.

आबांनी दारातली पेटी उचलली. ती खांद्यावर टाकून ते बाहेर पडले, फाटकाकडे न वळता परत पोरीच्या वसतिगृहाच्या वाटेला लागले.