विलासदादाच्या दुधाचा वास

नवीन आलेल्या चहापत्तीचे नमुने उकळून मी दुकानात एकेक वाटी नाकाशी धरत होतो, तेव्हा दर्यापूरहून फोन आला. विलासदादा गेला. कारखान्यातच, दळणयंत्राजवळ... मला आधी रडू आलं नाही. आधी आठवलं ते, मी त्याला शेवटचं काय म्हणालो ते.

विलासदादा माझा मावसभाऊ, अन्नप्रक्रियेचा इंजिनियर. मोठ्या डेअऱ्यांमध्ये नोकरी करून तो गावी परतला आणि सोयाबीनचं दूध काढायच्या मागे लागला. "आपलं सोयाबीन कोंबड्या खाऊन राहिल्या, मंग आपल्या पोरायले काहून नाई?" एवढंच त्याचं म्हणणं. अडचणही एवढीशीच वाटायची : वास. दाणा अख्खा असेतो त्याला वास नसतो. तो फुटला, पाणी आणि हवा लागली, की क्षणात कच्च्या शेंगेचा उग्र दर्प तयार होतो. मग कितीही उकळा, जात नाही. म्हणून उकळत्या पाण्यातच दळायचं. पण दाणे पडले की पाणी निवतं, आणि दाणे आधीच फार तापवले तर प्रथिनं आवळून चोथ्यात राहतात, दूध पातळ उतरतं. या दोन टोकांमध्ये विलासदादानं आपली उमेदीची वर्षं घातली. गावानं त्याचं नाव 'सोयाबीन्या' ठेवलं. तेराव्याला त्याच लोकांनी त्याच्या हिमतीवर भाषणं केली.

सतत त्या वासात राहणाऱ्याला तो कळेनासा होतो. दादाला कळत नव्हता, वहिनींनाही नाही. चहाच्या धंद्यानं माझं नाक तयार झालेलं, म्हणून यंत्रात काही बदल केला की तो मला अकोल्याहून बोलवायचा. "बाकी सारे वा वा करतेत लेकाचे. तू एकटाच दुश्मन हायेस माहा, म्हून बलावतो." मी पेला हुंगायचो आणि म्हणायचो, "वास येते, दादा." आपण खरं बोलतो याची मला मोठी ऐट होती, हे लिहिताना आज लाज वाटते.

शेवटच्या वेळी गेलो तेव्हा तो खंगला होता. हृदयाचं दुखणं निघालं होतं, डॉक्टरांनी सक्त आराम सांगितला होता. मला ते माहीत होतं. त्यानं पेला पुढे केला आणि त्याच्या पाठीमागून वहिनींनी मला मान हलवून खुणावलं... नाही म्हणा. मी ते पाहिलं. वास अगदी पुसट होता, एरवी पिणाऱ्याच्या लक्षातही आला नसता.

"येते काय बे?"

"जरासा येते."

"मंग हवा शिरून राहिली कुठून तरी," म्हणत तो हसला आणि पाना घेऊन यंत्राखाली वाकला. वहिनी आत गेल्या.

परवा गेलो, तेव्हा त्या एकट्याच होत्या. त्यांनी एक सीलबंद बाटली आणली. माझ्या त्या "येते"नंतर दादानं दळणयंत्राचं तोंड बंद करून आत वाफ कोंडायची सोय केली होती, हवा शिरूच नये म्हणून. त्यानंतरची ही पहिली खेप. मला बोलवण्याआधीच तो गेला होता. वहिनींनी पेला भरून समोर ठेवला.

"घ्या, भाऊजी. सांगा."

मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. घोट घेऊन तोंडात धरला. वास नव्हता. कुठेच नव्हता.

"नाई येत, वहिनी."

"आता काहून खोटं बोलता?"

"खरंच नाई येत हो..."

"म्या खुणावलं होतं तवा एक डाव खोटं बोलले असते, त माणूस घरी निजून राहिला असता. आता मले बरं वाटावं म्हून बोलून राहिले."

खरं बोलण्याबद्दल माझं जे काही नाव होतं, ते त्या घरात एकाच माणसापाशी होतं.

तो वास कधीपासून कळेनासा झालेल्या स्वतःच्या नाकाशी वहिनींनी पेला नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग मोरीत ओतला आणि वरून पाणी सोडलं.