तोरणमाळला पोचलेला हिरवा

मोहाच्या वाळत्या फुलांचा वास आला की तोरणमाळच्या घाटातलं ते छोटं आरोग्य केंद्र आठवतं. सर्पदंशाची लस कुठे शिल्लक आहे, हे दाखवणारं वेबपान मी बनवलं होतं; हिरवा ठिपका म्हणजे आहे, लाल म्हणजे नाही. पण पान उघडताना त्याला रंग देणारी फाइल फोनलाच तयार करावी लागे; तिथल्या सिस्टरच्या जुन्या फोनला ते झेपत नसे आणि नुसती काळी अक्षरं उरत. सोबत आलेली, माझ्याच कामातली आमची नवापूरची ताई म्हणाली, "फोनले कसाले तरास देस? सर्व्हरवरच तयार करीसन धाड." तसं केलं आणि पान क्षणात रंगलं. बाकावरच्या, अक्षरओळख नसलेल्या एका बाईने हिरव्यावर बोट ठेवून पावरी बोलीत काही विचारलं. "साप चावला तर हिरवं असेल तिथेच न्यायचं ना, विचारतेय," सिस्टर म्हणाली. रंगांना नुसती सजावट म्हणणं मला त्यानंतर कधी जमलं नाही.