सांबाराची जुडी

दिग्रसहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा आईने विचारलं, "कुठी चालली वं?"

"मुकुटबनकडे. एका मॅडमचा धडा आणायला."

"शाळा सुटली तरी तुये धडे काही संपत नाही."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुण्यातल्या माझ्या कार्यालयात शिक्षकांनी केलेले व्हिडिओ धडे येतात. आम्ही ते तपासून ॲपवर ठेवतो, कुठल्याही शाळेने वापरावेत म्हणून. आत्राम मॅडमने भागाकाराचा धडा पाठवला होता: बारा जुड्या सांबार, तीन घरं. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पण धडा शेऱ्यासह परत गेला: "सांबार जुडीत नव्हे, वाटीत येते. दुरुस्त करावे." त्यानंतर मॅडमने काही पाठवलं नाही, आणि त्यांचं पाहून आजूबाजूच्या शाळांनीही हात आखडला. तो हात सोडवायला मी चालले होते.

यवतमाळला गाडी बदलली, वणीला पुन्हा. कोळशाचे ट्रक मागे पडले आणि दोन्ही बाजूंनी फुटलेली पऱ्हाटी (कपाशी) लागली. मुकुटबनपासून पुढे ऑटो. मांडीवर कुणाचं तरी ढेपेचं पोतं. शाळेत पोचले तेव्हा ओढणी पेंडीने माखली होती.

"बसा, तुमचाच धडा लावतो," मॅडम म्हणाल्या. पडद्यावरची बाई बाजारातून कोथिंबीर आणत होती. पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, कोथिंबीर कोन व्हय? तिची पोरगी?"

मग मॅडमने आपला धडा लावला. प्रश्न पुरा व्हायच्या आत वर्ग ओरडला, "चार!"

मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला. "घ्या, सांबारवडी. वाटीत नाही आणली, चालन ना?"

मी खाली मान घालून खाल्ली. चांगली झाली होती, तिखट. मग म्हटलं, "धडा पुन्हा पाठवा."

"कायले? मास्तरांच्या ग्रुपवर लोकं मले वाटीचे फोटो पाठवत होते."

"त्या शेऱ्याखाली माझी सही आहे, मॅडम. मले माहीत होतं."

"मंग काहून नाही बोलल्या?"

"पुण्यात पहिल्या वर्षी मी मेसमध्ये वरणावर सांबार मागितला. वाटीच आली. सगळं टेबल हसलं. तेव्हापासून मी कोथिंबीरच म्हणते."

मॅडमने डबा पुढे ओढला. माझ्या ताटलीत अजून एक वडी ठेवली. मग म्हणाल्या, "पाठवीन. पण कंसात कोथिंबीर लिहू नका. तुमच्या त्या बाईच्या धड्यात कंसात सांबार होता काय?"

परतीच्या गाडीत मी मोबाइलवर जुना शेरा काढला आणि लिहिलं: "सांबार जुडीतच येतो. मी दिग्रसची आहे. धडा आहे तसा घ्यावा." कार्यालयात यावरून बोलणं होईल. होऊ दे. या गोष्टीत वर पऱ्हाटीपुढे मी कंस घातलाच आहे, हाताची सवय. तो तेवढा राहू द्या.

यवतमाळला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घरी पोचले. आई वरण घोटत होती.

"आई, सांबार हाय का?"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. पुण्याला गेल्यापासून हा शब्द तिने माझ्या तोंडून ऐकला नव्हता.

"हाय," ती म्हणाली. "जुडी सोड."