शेंडेनक्षत्राचा फोटो

मालनबाई कॉटवर आडव्या झाल्यात त्या नुसती पाठ टेकायला. झोपायचं नाही, हे त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलंय. आज झोपून चालणारच नाही मुळी. पेपरवाले त्याला धूमकेतू म्हणतात, मालनबाई म्हणतात शेंडेनक्षत्र. ते आज संध्याकाळी मावळतीला शेवटचं नीट दिसणार आणि उद्यापासून डोंगराआड जाणार, असं त्यांच्या मुलानं, हेमंतनं, मोबाइलवर वाचून दाखवलंय. आणि फोटोचा अजून पत्ता नाही.

प्रयत्न केले नाहीत असं कोण म्हणेल? रोज दिवेलागणीला त्या गच्चीवर जातात. कॅमेरा नवऱ्याचा, साधासुधा, मुठीत मावणारा. त्यात शेंडेनक्षत्र येतं ते पांढरा ओरखडा होऊन. "आई, हात हलतोय तुझा," हेमंत म्हणतो. हात कसला, बाई अख्खीच हलते. एका जागी बसणं तिला जन्मात कधी जमलेलं नाही, आणि नवरा गेल्यापासून तर पायाला भिंगरीच लागलीय. रात्री खोलीतून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून खोलीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या चालतात.

तर फोटो का, ते सांगायला हवं. रंगनाथराव गेले गणपतीच्या आधी. शेवटच्या आजारात अंथरुणावर पडल्या पडल्या कॅमेऱ्यातले जुने फोटो बघत बसायचे. एकदा म्हणाले, "मालन, शेंडेनक्षत्राचा एक धड फोटो काढायचा राहूनच गेला गं." मालनबाई तेव्हा औषधाचा चमचा धुवायला उठल्या होत्या. पुढं दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. पिंपळावर बसून टकमक बघतोय, खाली यायचं नाव नाही. हेमंत हात जोडून म्हणाला, "दादा, घरावर मजला चढवतो." कावळा हलला नाही. धाकटे दीर म्हणाले, "आजपासून तंबाखू बंद." तरी हलला नाही. ऊन चढायला लागलं, भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा मालनबाई पुढं झाल्या आणि पुटपुटल्या, "अहो, शेंडेनक्षत्राचा फोटो मी काढते." कावळा सरळ खाली उतरला आणि शिवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दिरांची तंबाखू त्यानंतर चालूच आहे, ती गोष्ट वेगळी.

मालनबाईंनी मात्र शब्द दिलाय, आणि गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर तो अधांतरी राहतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे. आज फोटो निघाला नाही तर यांना पुढची वाट कशी मिळायची? त्या कॅमेऱ्याची दोरी मनगटात अडकवतात, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको. पंखा घरघरतो. घरघर हळूहळू जाड होते, गाडीच्या इंजिनासारखी, आणि त्या उठून जिना चढायला लागतात.

जिना संपतो तिथं गच्ची नाही, कराडचं एसटी स्टँड आहे. दिवे लागलेत. गाड्या ओळीनं उभ्या आहेत, पण एकीवरही पाटी नाही. चौकशीच्या खिडकीपाशी, बाकड्यावर, चॉकलेटी स्वेटर घालून रंगनाथराव बसलेत.

"आलीस?" ते म्हणतात.

मालनबाईंना नवल वाटत नाही. त्यांना फक्त घाई आहे. "अहो, तुमची गाडी लागली का?"

"नाही लागली."

"मग उठा. वर चला. इथून पत्र्याखालून काय दिसणार?"

"काय बघायचंय?"

"तुमचं शेंडेनक्षत्र. आज शेवटचं आहे, उठा बरं."

त्यांचा हात धरून त्या ओढतात. हात उबदार आहे, आणि शेवटच्या आजारातली छातीची घरघर कुठं ऐकू येत नाही. दोघं स्टँडच्या फाटकातून बाहेर पडतात ते थेट स्वयंपाकघरात. साखर कारखान्याच्या कॉलनीतलं हे पहिलं घर, लग्नानंतरचं. ओट्याखालून कृष्णा वाहतेय आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. गॅसच्या टाकीवर कावळा बसलाय. शेगडीवर दूध ठेवलंय.

"बस," रंगनाथराव म्हणतात.

त्या पाटावर बसतात आणि लगेच उठतात. "दूध बघते."

"बस गं."

बसतात. पुन्हा उठतात. खिडकीतून आभाळ दिसतंय का ते बघून येतात. आभाळ तांबूस झालंय, वेळ निघून चाललीय, जीव नुसता खालीवर होतोय. वळून बघतात तर कॅमेरा नवऱ्याच्या हातात आहे आणि रोख त्यांच्याकडे.

"माझा काय काढताय? सेल संपेल. तो तिकडचा काढायचाय."

"तिकडचा कुठला?"

"शेंडेनक्षत्राचा. तुम्हीच म्हणाला होता ना? तुमची इच्छा राहिली होती ना?"

रंगनाथराव हसायला लागतात. पूर्वीसारखं, खोकला न येता, पोट धरून. "आभाळातलं घेऊन मी काय करू? मालन, आपल्या घरात शेंडेनक्षत्र कुणाला म्हणायचे?"

मालनबाईंचा हात शेगडीजवळच थांबतो.

नवी नवरी असताना त्या हळदीच्या पावलांनी शेजारणीची सायकल घेऊन कारखान्याच्या रस्त्यावर निघाल्या होत्या. ब्रेक कुठं असतो हे कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं उसाच्या ट्रॉलीपाशी पोचल्यावरच थांबल्या. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, "रंगा, हे कुठलं शेंडेनक्षत्र आणलंस रे घरात?" रंगानं तो शब्द उचलला आणि दार लावल्यावर, दिवा मालवल्यावर, हळूच वापरला. पुढं हेमंत झाला, सासूबाई गेल्या, आणि तो शब्द कधी मागं पडला ते दोघांनाही कळलं नाही.

"चाळीस वर्षं तुझ्यामागं कॅमेरा घेऊन फिरलो," ते म्हणतात. "एका फोटोत तू धड नाहीस. चहा आणायला उठलेली, नाहीतर तोंडावर हात धरलेली. हेमंतच्या लग्नात तर नुसतं कोपर आलंय."

"मग तसं सरळ सांगायला काय झालं होतं?" मालनबाई भडकतात. डोळे भरून येतात तरी भडकतात. "मी त्या घाटावर चारचौघांत खुळ्यासारखी बोलले. रोज गच्चीवर मान मोडून घेतेय."

"त्याला कळलं होतं की." रंगनाथराव कावळ्याकडे बोट दाखवतात. "तुलाच नाही कळलं."

कावळा मान वाकडी करून बघतो. त्याच्याकडं बघून मालनबाईंना हसूही येत नाही.

"तिकडं कसं आहे?" त्या हळूच विचारतात.

"बरं आहे. झोप तेवढी लागत नाही. तुझ्या स्लिपरांचा आवाज येतो रात्रभर."

नदीचं पाणी ओट्याखाली चुळुकचुळुक वाजतं. मग त्या म्हणतात, "बसवत नाही हो मला. बसलं की तुमची रिकामी जागा दिसते. चालत राहिलं की तेवढी दिसत नाही."

"ठाऊक आहे मला."

"फार आठवण येते."

"ठाऊक आहे. आता जरा बस."

त्या पाटावर बसतात. दूध वर यायला लागलंय, साय फुगलीय, कडेला फेस धरलाय. उठण्यासाठी त्यांचा हात जमिनीला टेकतो.

"जाऊ दे ऊतू," रंगनाथराव म्हणतात.

आयुष्यात त्यांनी कधी दूध ऊतू जाऊ दिलेलं नाही. आता जाऊ देतात. शेगडीवर चर्र होतं, करपल्याचा वास सुटतो, आणि त्या तशाच बसून नवऱ्याकडे बघत राहतात. तेही घाई करत नाहीत. कॅमेरा डोळ्याला लावून कितीतरी वेळ नुसते उभे आहेत.

"काढा की आता. पाय आखडले माझे."

"थांब," ते म्हणतात. "किती दिवसांनी सापडलीस."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो. तो लांबत जातो आणि त्यातून हेमंतचा आवाज येतो.

"आई, ऊठ गं. तिन्हीसांज झाली."

पंखा घरघरतोय. खिडकीत तांबूस उजेड आहे. मालनबाई उठून बसतात. तोंड कोरडं पडलंय आणि गाल ओले आहेत.

"मुद्दाम उठवलं नव्हतं," हेमंत म्हणतो. "किती दिवसांनी अशी गाढ झोपलीस. पण ते दिसतंय बघ वर, शेपटी पण दिसतेय. चल लवकर, मावळेल आता. आण, मी सेल बघतो."

तो कॅमेरा हातात घेतो. दोरी अजून आईच्या मनगटात आहे, म्हणून त्याला तिथंच, तिच्या शेजारी कॉटवर बसावं लागतं. बटण दाबतो आणि बघत राहतो.

"हा कुणी काढला?"

मालनबाई वाकून बघतात. फोटो समोरून काढलेला आहे, चार पावलं लांबून. कॉटवर त्या झोपल्यात, केस उशीवर मोकळे पसरलेत, एकेक पांढरा केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट. तोंडावर हात नाही, आणि ओठ किंचित हसलेत.

"तू काढलास?" त्या विचारतात.

"मी आत्ता येतोय खालून. आणि दोरी तर तुझ्या हातात आहे." हेमंत पुन्हा बघतो, मग कॅमेरा बाजूला करून उठायला लागतो. "असू दे, नंतर बघू. चल, फोटो काढायचाय ना?"

"काढून झाला."

"कुठाय? यात तर तूच आहेस."

"तोच," मालनबाई म्हणतात. त्या कॉटवरून हलत नाहीत, पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसतात. "मोठा करून आण. आणि यांच्या फोटोशेजारी लावू नकोस, मला इतक्यात जायचं नाहीये. समोरच्या भिंतीवर लाव, यांना दिसेल असा."