कुलपातला साखरेचा डबा
मानवी मेंदू हे सृष्टीतलं सर्वांत गूढ यंत्र आहे, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि पुढच्याच वाक्यात, ते साखरेवर चालतं असंही. बारडोलीवरून जाताना साखर कारखान्याच्या मळीचा जड, गोडसर वास बसमध्ये शिरला की मला भेस्तानच्या घरातली ती धुकट सकाळ आठवते. आयुष्यभर माग चालवलेले वडील माझं नाव विसरू लागले होते. हे म्हातारपण की आजार, ते त्या दिवशी कळणार होतं. शिरेतून साखर द्यायची आणि मेंदूचा कुठला भाग ती खातो, कुठला उपाशी राहतो ते यंत्रात पाहायचं, म्हणून आदल्या संध्याकाळपासून गोड बंद होतं. आईने तर साखरेचा डबा कपाटात कुलपात ठेवला. सकाळी वडील दारात उभे होते, धुक्यातून लांबच्या मागांचा आवाज येत होता आणि त्यांची बोटं त्या तालावर हलत होती. तपासणी केंद्रात पोहोचल्यावर तिथल्या बाईंनी गुजरातीत विचारलं, "काका, सवारे कंई खाधुं?" सकाळी काही खाल्लं का? मी नाही म्हणणार, तोच वडील आईकडे बोट दाखवत प्रसन्नपणे म्हणाले, "दही-साखर. इनीच दिधी." वर्षभरातलं त्यांचं ते पहिलं अचूक उत्तर. आई खाली बघत पुटपुटली, "चांगल्या कामले निघताना हात कोरा कसा ठेवू? चमचाभर तर व्हती." आठवड्याने तपासणी झाली, आजारच निघाला. दोन्ही दिवसांचे कागद माझ्याकडे आहेत. दुसरा मला अजूनही नीट कळत नाही, पहिल्यावर स्पष्ट लिहिलंय, "तपासणी रद्द. कारण, दही-साखर."