वाटेपुरतं कुंकू

एकट्या बाईनं लांबच्या रस्त्याला कसं लागायचं, हे मला सगळ्यात जास्त त्यांनीच शिकवलं, ज्यांनी जन्मात कधी कराडच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

दुसरी मोठी लढाई संपून वर्षही झालं नव्हतं. माझा नवरा त्या लढाईतून परत आला नाही. त्याची सायकल घरात होती. एकदा रजेवर आला असताना त्यानं ती मला खळ्यात चालवायला शिकवली होती. सांगलीच्या मुलींच्या शाळेत मास्तरिणीची जागा निघाली आणि मला बोलावणं आलं. अट एकच, ठरल्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या आत स्वतः हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. ती जागा गेली असती तर उरलेला जन्म मला दिराच्या चुलीपुढे काढावा लागला असता. हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार तेव्हा कुठल्या चढावर बसकण मारील याचा नेम नसे, म्हणून मी सायकलनं जायचं ठरवलं. मामंजी नको म्हणाले नाहीत. गाव मात्र आमच्या अंगणात जमलं. तिखटाची पुडी कनवटीला ठेव, अनोळखी गाडीत बसू नगंस, कुणी हाक मारली तर मागं बघू नगंस. मी ऐकत होते आणि साखळीला तेल देत होते. शेवटी सासूबाई कुंकवाची डबी घेऊन पुढे आल्या.

"वाटंपुरतं लाव गं. काळी पोत बी घाल. धनी हाय म्हटल्यावर कोण हात लावत न्हाई."

याच बाईनं माझं कुंकू पुसलं होतं, ओल्या पदरानं, कातडी सोलवटेपर्यंत. गावात कपाळ मोकळं हवं आणि रस्त्यावर भरलेलं. म्हणजे वाटेपुरता माझा नवरा जिवंत, आणि सांगली आली की पुन्हा मेला! मी डबी त्यांच्या हातात परत दिली.

"एवढं जमतंय तर त्याला घरीच आणा की," मी म्हणाले.

त्या रडायला लागल्या आणि सगळ्यांनी मलाच बोल लावला. लावेनात का.

माझी तयारी मीच केली. पंक्चरची ठिगळं, सोल्युशनची नळी, पंप, फडक्यात भाकरी आणि खर्डा. तिखटाची पुडीही घेतली, कारण ती सूचना तेवढी शहाणपणाची होती. दीर आदल्या रात्रीच सांगून झोपला होता की तो पहाटेच्या मोटारीनं कराडच्या बाजाराला जाणार. उजाडताना मी निघाले तेव्हा तो घरात नव्हता.

इस्लामपूरला नणंदेच्या घरचे रस्त्यावरच उभे होते. एकटी कशी जातीस, थांब, सोबत देतो. त्यांच्या आग्रहाचा चहा घशाखाली ढकलून मी कशीबशी सुटले. मी येणार हे त्यांना कसं कळलं, याचा विचार करायला हवा होता, पण तेव्हा फक्त चीड आली. आष्ट्याला मावससासऱ्यांनी तर सायकलचं हँडलच धरलं. ऊन लय हाय, जेवून जा. हातपाय धुऊन बाहेर आले तर दोन्ही चाकं बसलेली, पंप गायब, आणि व्हॉल्व्ह म्हाताऱ्याच्या बंडीच्या खिशात.

"आवं, व्हॉल्व्ह द्या माझे."

"उद्या देतो. सोबतीला गडी देतो. तुझ्या भल्याचंच सांगतोय, पोरी. तुझ्या दिरानं सकाळी मोटारीतनं उतरून पाय धरलं माझं. वैनीला फुडं सोडू नगा, मुलूख खराब झालाय म्हणला."

"आणि तो कुठं गेला?"

"सांगलीला. तू येत न्हाईस म्हणून शाळंत कळवाय."

म्हाताऱ्याला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर माया ओसंडत होती, आणि म्हणूनच मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. सायकल तिथेच टाकून मी चालायला लागले. तो मागून हाका मारत राहिला.

गावाबाहेर गुळाच्या ढेपा भरलेली लॉरी सांगलीकडे निघाली होती. मी हात केला. ड्रायव्हर ना ओळखीचा ना पाळखीचा. "सांगली," मी म्हणाले. "बसा," तो म्हणाला. तिखटाची पुडी मी सगळा वेळ मुठीत धरून ठेवली होती. कृष्णेचा पूल येईपर्यंत त्यानं एक शब्दही विचारला नाही.

शाळेच्या कचेरीत दीर खुर्चीवर बसला होता, फेटा बांधून. वहिनीची तब्येत बरी नाही, घरच्यांचीही इच्छा नाही, असं तो मोठ्या बाईंना सांगत होता. मला बघून तो उठला आणि चक्क हसला.

"आलात व्हय वैनी! लय काळजी लागली हुती जिवाला."

मोठ्या बाईंनी माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हे तुमचे कोण?"

"कोणी नाहीत," मी म्हणाले. "मी एकटीच आले आहे."

त्यांनी शिपायाला बोलावून त्याला बाहेर न्यायला सांगितलं, आणि मग मला माझं नाव विचारलं.